झिरा

माझे गाव कवठे महांकाळ. मिरज मागे टाकून पूर्वेकडे निघाले, की उसाची हिरवीगार शिवारे हळूहळू विरळ होत जातात, जमीन मुरमाड होऊ लागते, बाभळी आणि बोरी दिसू लागतात, आणि मग अग्रणी नदीच्या खोऱ्यातील आमचा मुलूख लागतो. परका माणूस हा प्रदेश पाहून म्हणतो, 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' मी त्याच्याशी वाद घालीत नाही. आईचे रूप कसे आहे, हे परक्या माणसाला विचारून का कोणी ठरवितो!

आमच्या गावाच्या नावात एक झाड आहे आणि एक देवता आहे. कवठाच्या झाडांवरून 'कवठे' हे नाव पडले, असे जुनी माणसे सांगत. आणि महांकाली देवीच्या मंदिरामुळे त्याला 'महांकाळ' ही जोड मिळाली. ही जोड नसती तर मोठीच पंचाईत झाली असती. कारण कवठे नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ. आमच्याच जिल्ह्यात कवठे एकंद आहे. तेथील दसऱ्याची आतषबाजी पाहण्यासाठी लांबलांबचे लोक जातात. कवठे पिरान आहे; ते हिंदकेसरी मारुती माने यांचे गाव. पुणे जिल्ह्यात कवठे यमाई आहे. नुसते 'कवठे' एवढेच लिहून पत्र पेटीत टाकले, तर ते बिचारे बारा गावचे पाणी पिऊन मग आमच्याकडे येईल!

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी कवठ पाहिले आहे? बाहेरून ते लाकडाच्या चेंडूसारखे टणक, करड्या रंगाचे. दगडावर आपटून फोडावे लागते. कच्चे असेल तर दात आंबतात. पिकले म्हणजे आतील तपकिरी गर गुळाबरोबर कालवून खावा. महाशिवरात्रीच्या उपवासाला आमच्या घरी कवठाची चटणी ठरलेली असे. संस्कृतात कवठाला कपित्थ म्हणतात, आणि 'गजभुक्तकपित्थ' असा एक जुना दृष्टान्त आहे. हत्तीने गिळलेले कवठ बाहेर पडते तेव्हा कवच जसेच्या तसे असते. आतला गर मात्र नाहीसा झालेला असतो. लहानपणी मला या दृष्टान्ताची गंमत वाटे. पुढे एका उन्हाळ्यात मी आमची नदी पाहिली, आणि त्याचा अर्थ मला समजला. दोन्ही काठ जागच्या जागी होते. आत पाणी तेवढे नव्हते.

पण त्या उन्हाळ्याकडे येण्यापूर्वी आमच्या घरातील एका जुन्या ट्रंकेविषयी सांगतो. ती माझ्या आजोबांची. तिच्यात त्यांनी आलेली पत्रे जपून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी ती पत्रे काढून त्यांच्यावरील पत्ते वाचीत बसणे हा माझा आवडता उद्योग होता. आमचे घर कधी हलले नाही. दारापुढील निंबही हलला नाही. पत्ता मात्र सारखा बदलत गेला! आमच्या आसपासचा मुलूख पूर्वी संस्थानी. शेजारच्या कुची या गावाच्या नावाने सांगली संस्थानात एक तालुका होता. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि काही वर्षे आजोबांच्या पत्रांवर 'जिल्हा दक्षिण सातारा' असे येऊ लागले. १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. १९६५ साली कवठे महांकाळ स्वतःच तालुका झाला, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. 'आता कागदासाठी दुसऱ्या गावाला हेलपाटे नकोत,' असे आजोबा दिवसभर येईल त्याला सांगत होते, एवढे अंधूक आठवते. राजे गेले, जिल्हे आले, कचेऱ्या आल्या. ही सारी हकिकत मी पुढे पुस्तकांत वाचली, परंतु तिची पहिली ओळख मला त्या पाकिटांनी करून दिली.

दुसरी ओळख करून दिली ती आगगाडीने. आमच्याकडे तिला 'लहान गाडी' म्हणत. बार्शी लाइट रेल्वे हे तिचे खरे नाव. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभारली. १८९७ साली ती प्रथम बार्शीस गेली, १९०६ साली पंढरपुरास पोहोचली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत आली. तेव्हा लातूरपासून मिरजेपर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. सलगरे, कवठे महांकाळ, लंगरपेठ, ढालगाव अशी स्टेशने घेत ती दमादमाने चाले. तिच्या चालीची थट्टा करण्यात आमच्या गावच्या दोन पिढ्या रंगून गेल्या. आणि तीच गाडी या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस बंद झाली, तेव्हा थट्टा करणाऱ्यांचेच डोळे पाणावले. आषाढीला पंढरपूरकडे जाणारे वारकरी दारांना लोंबकळत, टपावर बसत. गाडी दिसेनाशी झाली तरी टाळांचा आवाज माळावरून बराच वेळ ऐकू येई. आता तेथे रुंद रूळ आहेत आणि मोठ्या गाड्या धावतात. त्या रुळांकडे मला पुन्हा यायचे आहे.

आता नदी. अग्रणी आमच्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात उगम पावते, तासगाव आणि कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहत कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. नकाशात ती निळ्या रेघेने दाखविलेली असते. प्रत्यक्षात तो निळा रंग आम्हांला पावसाळ्यातील काही दिवसच दिसे. याचे कारण भूगोलात आहे. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर आपले ओझे रिते करतात. आमच्या जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, शिराळा तालुक्यात, पाऊस धो धो कोसळतो. आणि पूर्वेला आम्ही त्याच ढगांची पाठ पाहत उभे राहतो. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द किती गोड आहे! पण या छायेत बसणाऱ्याला ऊनच अधिक लागते.

१९७२ साली मृग कोरडा गेला. आर्द्रा गेली. हस्ताचा तरी पाऊस येईल म्हणून लोक आकाशाकडे डोळे लावून बसले. तोही आला नाही. आधीच्या वर्षाचे बेताचे धान्य संपले. रेशनवर तांबूस रंगाची परदेशी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना कडेला चिरत जाई. माझे वडील दोन्ही बैल घेऊन कृष्णाकाठी मावशीच्या गावी गेले. 'माणसांचे काहीही होवो, बैल जगले पाहिजेत,' असे ते जाताना म्हणाले. माझी आई खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. त्या काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे रस्त्यांच्या, तलावांच्या, बंधाऱ्यांच्या कामांवर होती. काम मागणाऱ्याला शासनाने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि ही कल्पना आधी आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात करून पाहिलेली होती. तिच्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली केंद्र शासनानेही त्याच धर्तीचा कायदा केला. हे सारे मला फार नंतर कळले. तेव्हा एवढेच कळत होते, की संध्याकाळी आई परत आली म्हणजे तिच्या पदराला कामावर मिळालेली सुकडी बांधलेली असे आणि तिच्या बोटांना दगडांचे कण टोचलेले असत.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखविला. मग सारे लोक नदीकडे वळले. नदीत पाणी नव्हते. परंतु वाळूखाली ओल होती. वाळू उपसून कमरेइतका खड्डा केला, की त्याच्या तळाशी थेंब थेंब पाणी पाझरू लागे. यालाच झिरा म्हणतात. नारळाच्या करवंटीने ते पाणी टिपावे, घागरीत ओतावे, पुन्हा साठेपर्यंत वाट पाहावी. एक घागर भरण्यास दीड-दोन तास लागत. प्रत्येक घराने आपला झिरा खणला होता. घरी जाताना त्याच्यावर बाभळीची काटेरी फांदी ठेवीत. ती फांदी म्हणजेच कुलूप. ज्याने झिरा खणला, पाणी त्याचे. दुसऱ्याची फांदी उचलायची नाही. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, आणि तो मोडल्याचेही मी कधी ऐकले नव्हते.

आई दिवसभर खडी फोडून थके. म्हणून रात्रीचे पाणी भरण्याचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. उजव्या पायाच्या अंगठ्यावर खडीचा दगड पडून जखम झाली होती, आणि तिच्यावर आईने लुगड्याची चिंधी बांधली होती. घागर डोक्यावर घेऊन, लंगडत लंगडत मी नदीत जाई.

आमच्या झिऱ्यापासून पाचपन्नास पावलांवर एका म्हातारीचा झिरा होता. ती गावाबाहेरच्या वस्तीवर एकटीच राहत असे. त्या काळी महाराष्ट्रातील कितीतरी गावांत सगळ्यांना सगळ्या विहिरींवर पाणी भरू देत नसत, दुष्काळातही नाही. बाबा आढाव यांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली ती याच काळात, १९७२ साली. म्हातारीला त्या झिऱ्यावाचून दुसरे पाणी नव्हते. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते, तर आज सांगणे सोपे गेले असते.

एके रात्री मी झिऱ्याच्या कडेला घागर टेकवून बसलो. वाळू गार होती. चांदणे पडले होते. थोडे डोळे मिटतो, असे मनाशी म्हणालो. जाग आली तेव्हा पहाट होत आली होती. पाहतो तो झिऱ्याची एक बाजू ढासळलेली, आणि तळाशी नुसता चिखल. माझी घागर रिकामी होती. थोड्याच वेळात उजाडणार होते. आई कामावर जाण्यापूर्वी पाण्याची वाट पाहणार होती. मी चोहीकडे पाहिले. नदीत कोणीही नव्हते.

मी म्हातारीच्या झिऱ्यावरची फांदी उचलली. रात्रभर झिरपून आत ढोपरभर पाणी साठले होते. इतके पाणी मी कितीतरी दिवसांत एका जागी पाहिले नव्हते. करवंटीने भराभर घागर भरली, फांदी पूर्वीसारखी ठेवली आणि निघालो. आईने घागर उतरवून घेतली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "शाणं माझं लेकरू!" त्या शब्दांनी मला जितके लाजविले, तितके पुढे कोणत्याही शिक्षेने लाजविले नाही.

सकाळी ढासळलेला झिरा उपसण्यासाठी मी पुन्हा नदीत गेलो. म्हातारी आपल्या झिऱ्यापाशी उकिडवी बसली होती. तिच्या भोवतीच्या ओल्या वाळूत पावले उमटलेली होती. डाव्या पावलाला पाच बोटे होती. उजव्याला चार, आणि अंगठ्याच्या जागी चिंधीचा वाटोळा ठसा.

तिने त्या ठशाकडे पाहिले. मग माझ्या पायाकडे पाहिले. मी जागच्या जागी थिजलो. आता ती ओरडेल, माणसे गोळा करील, माझ्या आईला बोलावील, असे मला वाटले. ती हळूच उठली आणि म्हणाली, "लेकरा, चिंधी वल्ली झालीया तुजी. काढून वाळव, न्हायतर जखम चिघळंल."

एवढेच बोलून ती आपली रिकामी घागर घेऊन चालू लागली.

जूनमध्ये पाऊस आला. सर्वांचे झिरे एका पुरात बुजून गेले. पुढे मी शिक्षणासाठी बाहेर पडलो. परत आलो तेव्हा म्हातारी हयात नव्हती. मला तिला काहीतरी सांगायचे होते. काय सांगायचे होते ते मी पुष्कळदा मनात जुळवले होते. ते तसेच राहिले.

ही गोष्ट मी तीस वर्षे कोणालाही सांगितली नाही. शेवटी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा एका दुपारी तिला सांगितली. मला वाटले, तिला धक्का बसेल. ती नुसती हसली.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "आपल्या झिऱ्याचं पाणी सदा गढूळ. त्या दिशीचं निवळशंख हुतं. घागरीचं बूड दिसत हुतं. आपला झिरा म्या खणलेला, मला ठावं न्हाय व्हय?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"सांजला कामावरनं आले, निम्मी घागर उचलली आन् म्हातारीच्या रांजणात वतून आले."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणायची? म्हणाली, पोराला बोलू नगं. डोळा लागला आसंल त्येचा."

त्यानंतर आई कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मीही काही बोललो नाही.

आज तुम्ही आमच्या गावी याल, तर मी वर्णन केलेला मुलूख तुम्हांला ओळखू येणार नाही. म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी मोठमोठ्या पंपांनी उचलतात, टप्प्याटप्प्याने वर चढवितात आणि कालव्यांतून आमच्याकडे व जतकडे आणतात. पूर्वी जेथे कुसळे उगवत, तेथे द्राक्षांचे मांडव आहेत. आणि आमची जी कोरडी हवा पिकांची वैरीण होती, तीच आता द्राक्षे वाळवून बेदाणा करण्यास उपयोगी पडते. २०१३ नंतरच्या काही वर्षांत गावोगावच्या लोकांनी अग्रणीचे पात्र मोकळे करण्याचे, तिच्यावर बंधारे घालण्याचे काम हाती घेतले. पाणी कमी-अधिक झाले की अजूनही भांडणे होतात, ती मी लपवीत नाही. कालव्याच्या पुढच्या टोकाला असलेल्याचे पाणी मागच्याने अडविले, की मला एक बाभळीची फांदी आठवते.

आता ते रुळांविषयी सांगावयाचे राहिले आहे. २०१६ साली लातूर शहराला प्यायला पाणी उरले नाही. त्या वर्षी एप्रिलच्या ११ तारखेला मिरजेहून लातूरकडे पाण्याची पहिली आगगाडी निघाली. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन ती दुसऱ्या दिवशी पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या जाऊ लागल्या, आणि एकूण शंभराहून अधिक खेपा झाल्या. हे पाणी कृष्णेचे. आणि त्याची वाट आमच्या गावावरूनच होती. लहान गाडीने ज्या वाटेने वारकरी नेले, त्याच वाटेने आता पाणी चालले होते.

मी तेव्हा गावातील एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. एके दिवशी सातवीच्या मुलांना घेऊन मी रुळांपासून थोड्या अंतरावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली. लांबच लांब, एकसारख्या टाक्या एकामागून एक जात राहिल्या. मुले मोजीत होती. शेवटची टाकी गेल्यावर एक मुलगी माझ्याकडे वळली.

"सर, आमच्या वाडीला चार दिवसांनी पाणी येतं. मग हे पाणी आमच्यापुढून लातूरला का न्यायचं?"

तिचा प्रश्न रास्त होता. त्याला देण्यासारखी बरीच उत्तरे माझ्यापाशी होती. शहराची लोकसंख्या, धरणातील साठा, शासनाचा निर्णय. मी तोंड उघडले, आणि भलतेच सांगू लागलो. माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम, ढासळलेला झिरा, म्हातारी, आईने ओतलेली निम्मी घागर. विद्यार्थ्यांपुढे आपली चोरी सांगण्याचा प्रसंग मुख्याध्यापकावर सहसा येत नाही. मुले गप्प उभी होती.

सगळे ऐकून झाल्यावर त्या मुलीने विचारले, "तो झिरा कुठे होता, सर?"

परतताना आम्ही नदीवरून गेलो. मी जागा शोधली. पण पूर्वीची खूण एकही उरली नव्हती. काठावरची करंजे गेली होती. कितीतरी वाळू ट्रकांतून निघून गेली होती. "असेल येथेच कोठेतरी," असे म्हणून मी अंदाजाने एका जागेकडे बोट दाखविले. मुलांनी दप्तरे काठावर ठेवली आणि हातांनीच वाळू उपसण्यास सुरुवात केली. मी काही बोललो नाही. ती मुलगी सर्वांत पुढे होती. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा तिने मूठ वर काढून मला उघडून दाखविली. वाळू ओली होती.